काकांची फाईल

पेनरोजच्या आपल्या वर्गखोलीतले संगणक गेल्या महिन्यापासून नव्या व्यवस्थेवर चालू आहेत. रविवारी मुलांना सोडायला येणाऱ्या पालकांना यात काही फरक जाणवला नसेल, आणि तो जाणवू नये हीच सगळी खटपट होती. पण या कामासाठी एक जुनी फाईल आम्हाला अक्षर न् अक्षर वाचावी लागली. तिच्याबद्दल चार शब्द लिहा असं संपादकांनी सुचवलं, म्हणून हा प्रपंच. ज्यांना संगणकाचं वावडं आहे त्यांनीही कृपया शेवटपर्यंत वाचावं, कारण शेवटी सर्वांकडे एक विचारणा आहे.

आधी थोडं जुजबी. जाळ्यात आलेल्या प्रत्येक संगणकाला पत्ता लागतो. आपल्या खोलीत तो १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. तुमच्या घरच्या राउटरवरही बहुधा हेच आकडे दिसतील, कारण खासगी जाळ्यांसाठी जे मोजके आकडे १९९४ साली राखून ठेवण्यात आले त्यांतले हे आहेत. आता नव्याने आलेल्या संगणकाला स्वतःचाच पत्ता नाही, तर तो विचारणार कोणाला आणि कसा? तो सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो. सर्व्हर म्हणतो, हा पत्ता चालेल का? संगणक म्हणतो, हाच द्या. सर्व्हर म्हणतो, दिला. चार निरोपांत काम होतं. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठाच्या राल्फ ड्रॉम्स यांनी लिहिलेला तिचा पहिला जाहीर मसुदा ऑक्टोबर १९९३ चा. पत्ता मिळतो तोही भाड्याने, मुदतीचा. अर्धी मुदत सरली की संगणक आपणहून नूतनीकरणाचा अर्ज करतो. आपल्यातल्या ज्या मंडळींनी व्हिसाचे कागद शेवटच्या आठवड्यावर ढकलले होते, त्यांनी या बाबतीत यंत्राचा कित्ता गिरवायला हरकत नाही.

याच्याही आधी, १९८५ सालापासून, बूटपी नावाची साधी पद्धत होती. तीत भाडं वगैरे भानगड नव्हती. एक तक्ता असे, त्यात कोणत्या यंत्राला कोणता पत्ता हे लिहिलेलं असे आणि सर्व्हर त्याप्रमाणे वाटप करी. आम्ही पेशाने रसायनशास्त्राचे. आमची या विषयाशी ओळख झाली ती प्रयोगशाळेतल्या क्रोमॅटोग्राफ यंत्रांमुळे. ही यंत्रं सुरू झाली की कित्येकदा बूटपीनेच पत्ता मागतात, आणि तक्त्यात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर सकाळी लावलेले नमुने दुपारपर्यंत तसेच बसून राहतात. मंडळाच्या कार्यकारिणीत कोणीतरी हे ऐकलं आणि संगणकांचं खातं आमच्या गळ्यात पडलं.

ते खातं आमच्याआधी काका सांभाळत. नाव लिहायची गरज नाही. मंडळात काका म्हटलं की एकच. मुंबईत टेलिफोन खात्यात सारी नोकरी झाली, निवृत्तीनंतर मुलाकडे ऑकलंडला आले, आणि पेनरोजमधल्या गोदामाच्या वरच्या मजल्यावरची ती खोली आपल्याला रविवारपुरती मिळाली तेव्हा त्यांनीच तारा ओढल्या. रविवारी पेनरोजला चिटपाखरू नसतं. कारखाने बंद, ग्रेट साउथ रोडवर गाड्या कमी, माउंट स्मार्टला सामना असेल तर तेवढी गर्दी. अशा शांततेत काका सकाळी नऊला येऊन बसत. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील.

त्यांनी बसवलेला सर्व्हर आयएससी या संस्थेचा होता. टेड लेमन यांनी लिहिलेलं ते सॉफ्टवेअर. त्याची पहिली आवृत्ती १९९७ ची आणि सारं सी भाषेत. पंचवीस वर्षं जगभर चाललं आणि २०२२ साली संस्थेने त्याची देखभाल थांबवली. आता तिचं नवं सॉफ्टवेअर आहे, त्याचं नाव केआ. होय, तोच आपल्या साउथ आयलंडचा डोंगरी पोपट, जो सहलीला गेलेल्यांच्या गाड्यांचं रबर चोचीने सोलून काढतो! बोधचिन्हावरही तोच आहे. त्या संस्थेतल्या मंडळींना नाव ठेवायला आपल्याकडचा पक्षी सापडावा याचं आम्हाला उगीचच बरं वाटलं.

तर काम असं होतं की जुन्या सर्व्हरची मांडणीची फाईल वाचायची आणि तीतला मजकूर केआला समजेल अशा रूपात लिहायचा. सरसकट असं रूपांतर करणारं साधन आयएससीनेच दिलेलं आहे, आणि तेही जुन्या सर्व्हरच्या सी प्रोग्रॅममधूनच बनवलेलं आहे. पत्ते आणि आकडे यांच्यासाठी ते पुरेसं होतं. अडचण पत्त्यांची नव्हतीच.

काकांच्या फाईलमध्ये तेवीस यंत्रं नोंदलेली आहेत. सॉफ्टवेअरबरोबर जी नमुन्याची फाईल येते तीत यंत्रांना पासाकालिया, फँटाशिया अशी पाश्चात्त्य संगीतातली नावं दिलेली आहेत. काकांनी ते पाहून आपल्या यंत्रांना रागांची नावं दिली. यमन, भूप, मारवा, बागेश्री, तोडी. नावाखाली यंत्राच्या जाळेकार्डाचा बारा अंकाक्षरांचा क्रमांक आणि त्याला द्यायचा पत्ता. ही नावं इंग्रजी अक्षरांत लिहावी लागतात, तिथे देवनागरी चालत नाही. पण ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह केलं की पुढची ओळ म्हणजे टीप. सर्व्हर ती वाचून सोडून देतो. तिथे काय लिहिलंय याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्या फाईलमध्ये मराठीला मोकळी जागा एवढीच होती, आणि काकांनी ती भरभरून वापरली. 'यमन. नवीन आलेलं कुटुंब, मुलगी सातवीत, जूनअखेर परत.' 'तोडी. की-बोर्डचा क चालत नाही, दुसरा जोडून दिला.' पाच ऑक्टोबर २०१४ च्या रविवारी पेनरोजच्या वीज उपकेंद्रात केबलना आग लागून ऑकलंडमधल्या हजारो घरांची वीज गेली होती, त्या दिवसाचीही टीप आहे. 'वीज नाही, शाळा नाही. मुलांना घरी निबंध.'

आणखी एक सवय. एखादं यंत्र गेलं की काका त्याची नोंद खोडत नसत. तिच्या प्रत्येक ओळीपुढे हॅश घालीत आणि वर लिहीत, 'ब्रिस्बेनला गेले, सोबत दिलं.' सर्व्हरच्या दृष्टीने नोंद नाहीशी झाली, माणसाला मात्र वाचता येते. आमच्या प्रयोगशाळेतल्या वहीचाही हाच नियम आहे. चुकलेला आकडा एकाच रेघेने छेदायचा, खालचं वाचता आलं पाहिजे. टेलिफोन खात्यातही तसंच असावं.

तेव्हा आम्ही ठरवलं की टिपा टाकून न देणारा वाचक प्रोग्रॅम स्वतः लिहायचा. मंडळातल्या तरुण मंडळींनी सीचं नाव ऐकून कपाळाला हात लावला. पण पीएच.डी.च्या दिवसांत यंत्रांचे आकडे चाळायला आम्ही सीच शिकलो होतो, आणि ज्या भाषेत मूळ वाचक लिहिला गेला त्या भाषेत त्याच्याशी पडताळा घेणं सोपं जातं.

असा प्रोग्रॅम दोन पायऱ्यांनी वाचतो. शाळेत संस्कृतच्या बाईंनी आधी पदच्छेद आणि मग अन्वय करायला लावला होता, तोच हा प्रकार. पहिल्या पायरीत एकेक अक्षर घेऊन शब्द तोडायचे. हा शब्द, हा आकडा, हा महिरपी कंस, हा अर्धविराम. दुसऱ्या पायरीत त्या तुकड्यांचा संबंध लावायचा. 'होस्ट' आलं की पुढे नाव हवं, मग कंस उघडायला हवा, आत प्रत्येक विधानाच्या शेवटी अर्धविराम हवा. कंसात कंस येऊ शकतात, म्हणून कंस वाचणारं कार्य गरज पडेल तसं स्वतःलाच पुन्हा हाक मारतं. जुन्या सर्व्हरचा वाचकही हातानेच, असाच लिहिलेला आहे. अर्धविराम राहिला तर तो ओळ छापतो, बरोबर त्या जागेखाली खूण करतो आणि अर्धविराम हवा होता म्हणून सांगतो. आमच्या एकाही मराठी शिक्षकाने विरामचिन्हांबद्दल इतकी कडक शिस्त दाखवली नव्हती.

मराठी टिपांमुळे इथे एक मजेशीर पेच येतो. युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९. 'काकू' या दोन अक्षरांत काना आणि ऊकार धरून चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. ओळीसाठी ऐंशी बाइटची जागा ठेवली तर सव्वीस चिन्हं मावतात आणि सत्ताविसाव्याचे दोन तुकडे होतात. दुसरं असं की सीमधला 'चार' हा प्रकार पुष्कळ संगणकांवर ऋण आकडेही मानतो, त्यामुळे आपला 'क' उणे ३२, उणे ९२, उणे १०७ असा दिसू लागतो. हे मोकळी जागा आहे का, हे अक्षर आहे का, असं विचारणारी जी सीची तयार कार्यं आहेत, त्यांना ऋण आकडा दिला तर उत्तर काय येईल याची हमी भाषा देत नाही. म्हणून विचारण्याआधी आकडा धन करून घ्यावा लागतो. हे सगळं सीच्या जाणकारांनी फार पूर्वीच बजावून ठेवलेलं आहे, पण केवळ इंग्रजी वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते न पाळूनही वर्षानुवर्षं निभावतं. मराठी आली की पहिल्याच ओळीला परीक्षा.

खरी कठीण गोष्ट मात्र सीमधली नव्हती. टीप कोणाची, हे कसं ठरवायचं? आम्ही नियम केला. ओळीच्या शेवटी असेल तर त्या ओळीची, नोंदीच्या लगेच वर असेल तर खालच्या नोंदीची, पुढेमागे रिकामी ओळ असेल तर साऱ्या फाईलची. काका बहुधा वरच लिहीत. पण घाईत असले, नंतर आठवलं, तर खाली लिहून मोकळे होत. एका संध्याकाळी काकूंकडे फाईल छापून नेली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली, बऱ्याच ठिकाणी 'हे वरच्याचं', 'हे खालच्याचं' असं बोट ठेवून सांगितलं. दोन कुटुंबं कोणती तेही सांगितलं. मध्येच एका ओळीशी थांबल्या, हसल्या, आणि काय ते आम्हाला काही सांगितलं नाही. ती टीप तशीच उतरवली आहे.

केआमध्ये एक सोय चांगली आहे. तिथेही हॅशच्या टिपा चालतात आणि तोही त्या वाचून सोडून देतो. पण प्रत्येक यंत्राच्या नोंदीत 'कॉमेंट' असं एक रीतसर खातं देता येतं, आणि त्यात लिहिलेलं मात्र तो पत्त्याइतकंच नोंदीचा भाग म्हणून जपतो. सर्व्हरने आपली फाईल पुन्हा लिहून काढली तरी ते टिकतं. काकांच्या टिपा आता तिथे आहेत, देवनागरीत. हॅश घातलेल्या जुन्या नोंदी मात्र चालू यंत्रांच्या नाहीत, त्यामुळे त्यांना तिथे जागा देता येत नाही. त्या छापून मंडळाच्या नोंदवहीत लावल्या आहेत. मूळ फाईलची प्रतही कार्यवाहांकडे आहे.

आता विचारणा. नवागत कुटुंबांना काही महिन्यांसाठी लॅपटॉप देण्याची काकांची पद्धत पुन्हा सुरू करायचं कार्यकारिणीने ठरवलं आहे, आणि त्यासाठी कपाटातल्या यंत्रांपैकी मंडळाची कोणती आणि सभासदांनी तात्पुरती दिलेली कोणती हे नक्की व्हायला हवं. भूप आणि बागेश्री या दोन नोंदींच्या अगदी मधोमध एक टीप आहे. वरही रिकामी ओळ नाही, खालीही नाही. 'हे मंडळाचं नाही. ज्यांचं त्यांना परत द्यायचं आहे.' काकूंनाही आठवलं नाही. प्रोग्रॅमला आम्ही सांगून ठेवलं आहे की अशा वेळी टीप दोन्हीकडे लावायची आणि पुढे प्रश्नचिन्ह घालायचं. त्यामुळे सध्या दोन्ही यंत्रं कोणालाच देता येत नाहीत.

भूप काळ्या रंगाचा आहे आणि त्याच्या झाकणाचा डावा कोपरा तुटलेला आहे. बागेश्री करड्या रंगाचा, त्याच्या पाठीवर आंब्याचं स्टिकर आहे आणि चार्जरला लाल दोरा बांधलेला आहे. यांपैकी एखादा २०१२ च्या सुमारास तुमच्या घरून आला असेल, किंवा कोणी दिला होता हे आठवत असेल, तर रविवारी साडेदहा ते साडेबारा या वेळात वर्गखोलीत आम्हाला भेटा. फक्त दोरा कोणी बांधला एवढं आठवलं तरी चालेल.