मार्शल्सीची भिंत

लंडनला जाणारा प्रवासी बहुधा राजवाडा, मनोरा आणि संग्रहालय पाहून परततो. गतवर्षी नाताळच्या सुमारास तेथे जाण्याचा योग आला, तेव्हा आम्ही मात्र एका कृपणाचा माग काढावयाचे ठरविले होते. हा कृपण म्हणजे चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल' या छोटेखानी कथेतील एबेनेझर स्क्रूज. १९ डिसेंबर १८४३ रोजी ही कथा प्रसिद्ध झाली आणि नाताळ उजाडण्यापूर्वीच तिच्या सहा हजार प्रती संपल्या.

प्रारंभ कॉर्नहिलपासून केला. बँक ऑफ इंग्लंडजवळचा हा गजबजलेला रस्ता. परंतु बाजूच्या बोळात शिरावे, तो गलबला मागे राहतो आणि भरदुपारी तिन्हीसांजा झाल्याचा भास होतो. स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट नाताळची सुटी मिळताच याच कॉर्नहिलवर पोरांबरोबर बर्फावरून घसरगुंडी खेळला आणि धावत कॅमडेन टाउनला घरी गेला. आठवड्याला अवघे पंधरा शिलिंग मिळविणारा हा गृहस्थ आनंदी, आणि त्याचा धनी मात्र दुःखी! आपल्याकडे धनलोभी मनुष्य मेल्यावर नाग होऊन ठेव्यावर बसतो म्हणतात. स्क्रूजचा दिवंगत भागीदार मार्ले हा तिजोऱ्या, कुलुपे नि खातेवह्या यांची साखळी फरफटत येतो. कल्पना दोन देशींच्या, पण मर्म एकच.

तेथून थेम्स ओलांडून साउथवर्कला गेलो. सेंट जॉर्ज चर्चच्या शेजारी विटांची एक उंच, काळवंडलेली भिंत उभी आहे. मार्शल्सी या कर्जदारांच्या तुरुंगाची एवढीच खूण आता उरली आहे. १८२४ साली सुमारे चाळीस पौंडांच्या देण्यापायी डिकन्सचे वडील येथे कैदेत पडले. बारा वर्षांचा चार्ल्स त्याच सुमारास बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवीत होता. पैसा माणसाचे काय करतो, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

मात्र या कथेचे एक बीज शाळेत आहे. सप्टेंबर १८४३ मध्ये डिकन्सने फील्ड लेनमधील कंगाल मुलांची शाळा पाहिली. ती जुनी गल्ली आता राहिलेली नाही. सॅफ्रन हिल हा लगतचा रस्ता तेवढा आहे. कथेत दुसरे भूत आपल्या झग्याखालून दोन हाडकुळी मुले स्क्रूजला दाखविते. मुलीचे नाव दारिद्र्य, मुलाचे अज्ञान. आणि या मुलापासून अधिक सावध राहा, असे ते बजाविते.

सॅफ्रन हिलवर उभे असता आम्हांला आमच्याच शाळेतील एक मुलगा आठवला. नववीत असताना तो दोन महिने गैरहजर राहिला आणि आम्ही नियमानुसार त्याचे नाव पटावरून कमी केले. पुढे त्याची आई त्याला घेऊन दाराशी आली, तेव्हा तिच्यासमोर नियमाचा कागद ठेवला. वडील अंथरुणाला खिळल्याने तो गॅरेजमध्ये काम करीत होता, हे आम्ही विचारलेच नव्हते. पैशाची कृपणता आमच्या हातून कधी झाली नसेल. दयेची झाली होती.

परतल्यावर आम्ही त्या गॅरेजमध्ये गेलो. मुलगा आता अठरा वर्षांचा आहे. दहावीला बाहेरून बसता येईल, सायंकाळी घरी येत जा, असे सांगितले. तो काही बोलला नाही. नुसता हात पुशीत उभा राहिला. स्क्रूजला एका रात्रीत सारे साधले. आम्हांला तेवढे भाग्य नाही. परंतु पुढल्या सोमवारी तो आला, आणि येताना आपली जुनी वही घेऊन आला.