दोष सांध्याचा होता

वाचकहो, केंद्रावर नेलेले दूध कधी तुमच्या पदरात परत पडले आहे का? पडले असेल तर भरलेली किटली गाडीला लटकवून घरी येताना रस्ता किती लांब वाटतो, ते मी सांगायला नको. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात हे एका आठवड्यात दोनदा घडले, पुढच्या आठवड्यात तीनदा. सकाळची धार चांगली. संध्याकाळची, रात्रभर टाकीत ठेवलेली, तेवढी आंबूस.

आमचे गाव संगमनेरपासून जवळच, प्रवरेच्या काठचे. दावणीला अकरा गाई. दोन्ही वेळचे दूध सकाळी एकदमच पोचवावे म्हणून मी स्टेनलेस स्टीलची दोनशे लिटरची, दूध थंड करणारी टाकी करून घेतली होती. तीन ठिकाणी भाव काढले आणि सर्वांत स्वस्त तिथे काम दिले. कोणाकडे ते सांगत नाही. त्या कारागिरापेक्षा माझी घासाघीसच जास्त नडली.

दूध परत येऊ लागले तसा पहिला संशय गाईंवर. कासेला दगडी झाली की काय म्हणून डॉक्टर आणला, कासा निरोगी निघाल्या. मग यंत्रावर संशय. उन्हाळ्यात वीज जाई, थंडावा उशिरा धरे हे खरे, पण पहाटे काटा चार अंशांवर असे. मग राहिली कोण? टाकी धुण्याचे काम आमच्या सूनबाईकडे. मी तिला पडवीत, शेजारीपाजारी बसलेले असताना बोललो. "भांडं धुताना मन कुठं असतं?" असे काहीसे. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून टाकीत निम्मी वाकून, तारेची घासणी घेऊन ती दोनदा घासू लागली. बोटे सोलली. दूध तरी परत आलेच.

अखितीला धाकट्या भावाचा मुलगा जेवायला आला. हा आयटीआय करून नाशिक-पुणे रस्त्यावरच्या एका वर्कशॉपात वेल्डर झालेला. तिथे दुधाच्या टाक्या आणि टँकर बनतात. आपल्या तालुक्यात या कामाला तोटा नाही. राजहंस दूधवाला आपला तालुका दूध संघ आहे, सहकारमहर्षी भाऊसाहेब थोरातांच्या नावाचा साखर कारखाना आहे. जिथे दूध आणि रस उकळतो, निवतो, वाहतो तिथे हे पोलाद लागतेच. पण खरे सांगतो, तो या धंद्यात गेला तेव्हा मी भावाला म्हणालो होतो, "रान सोडून पोरगं लोखंड जाळायला गेलं."

जेवण झाल्यावर त्याने बॅटरी घेतली आणि टाकीत डोके घातले. बराच वेळ बाहेर येईना. मग म्हणाला, "तात्या, हात घाला. बुडाच्या कडेनं बोट फिरवा."

फिरवले. बाकी टाकी आरशासारखी, आणि बुडाच्या सांध्यावर खरखर, करपलेल्या काकवीवरून बोट फिरवावे तशी. त्याने सुई घेऊन सांध्यातल्या एका भोकात खुपसली. आतून पिवळट, खडूसारखा खडा निघाला. वास घेतला; आमच्या परत आलेल्या दुधाचाच वास.

"काकू, वहिनीनं जन्मभर घासलं असतं तरी हे निघालं नसतं," तो आमच्या घरच्यांना म्हणाला. माझ्याकडे पाहून म्हणाला नाही, तेवढी त्याची भलाई.

मग त्याने जे समजावले ते तुम्हांला सांगतो, कारण आज बहुतेकांच्या घरी या पोलादाचे काही ना काही आहे. दुधाच्या भांड्यांना वापरतात त्या जातीच्या पोलादात शंभरात अठरा भाग क्रोमियम आणि आठेक भाग निकेल असते. गंजू नये ही करामत क्रोमियमची. हवा लागली की ते आपल्या अंगावर एक पापुद्रा धरते, माणसाच्या केसाच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. ओरखडा पडला तरी पापुद्रा पुन्हा धरतो. इंग्लंडातल्या शेफील्ड गावी हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी टिकाऊ पोलाद शोधत होते, तेव्हा १९१३ साली त्यांच्या हाती असे न गंजणारे पोलाद लागले.

पण जोडताना हेच पोलाद वितळवावे लागते, चौदाशे अंशांच्या वर. त्या उष्णतेत हवा लागली की सांधा निळा-काळा पडतो आणि तिथला पापुद्रा बिघडतो. म्हणून टंगस्टनच्या टोकदार कांडीतून ठिणगी काढतात आणि भोवती आर्गॉन वायूची फुंकर ठेवतात, म्हणजे हवा जवळ येत नाही. आणि, मुद्दा इथे आहे, ही फुंकर समोरून असते तशी सांध्याच्या पाठीमागूनही लागते. वायूला पैसे पडतात, वेळ जातो. स्वस्तात करणारा नेमके तेच वाचवतो. आमच्या टाकीचा सांधा बाहेरून रॉडने जोडलेला होता, आतून पुरता भरलाच नव्हता. वरून जो ग्राइंडर फिरवला तो साध्या लोखंडावर वापरलेला. त्याचे कण स्टीलमध्ये रुतले आणि तांबेरा धरला. फटीत दुधातले चुन्याचे क्षार आणि प्रथिने साचून खडा झाला, खड्यात जंतूंची वस्ती. संध्याकाळचे कोमट दूध आत पडले की निवेपर्यंतच्या दोन-तीन तासांत त्यांची चंगळ.

लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील अस्सल, असे बाजारात सांगतात. मीही तसेच पाहून घेतले होते. त्याचा उपयोग नाही. हलक्या, कमी निकेलच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि सांध्याबद्दल तर तो काहीच सांगत नाही.

टाकी त्याच्या वर्कशॉपात नेली. मालकाची परवानगी काढून सुटीच्या दिवशी त्याने काम केले, मी स्टुलावर बसून राहिलो. खालचा बाहेरचा पत्रा उतरवला, जुना सांधा कोरून काढला, पाठीमागे चिकटपट्टीने कप्पा करून आर्गॉन सोडला. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात बारीक तार, आणि वीतभर जोडायला किती वेळ! एकदम ओढून चालत नाही. हे पोलाद लोखंडापेक्षा जास्त फुगते आणि उष्णता मात्र पुढे जाऊ देत नाही, म्हणून पत्रा वाकतो. थोडे इथे, थोडे समोरच्या बाजूला, असे टाके घालत तो गेला. मी इतक्या वर्षांत पाभर इतक्या सरळ धरली नसेल. शेवटी सांध्याला ॲसिडचा लेप लावून काळेपणा काढला. मला त्याने लांब बसवले. ते ॲसिड कातडीतून हाडापर्यंत जाते म्हणे.

चहा पिताना मी विचारले, जिवाला काही धोका? तो हसला, पण लपवले नाही. काच न लावता प्रकाश पाहिला तर रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते. आर्गॉन विषारी नाही, पण हवेहून जड. टँकरच्या पोटात साचला तर वास नाही, रंग नाही, आणि माणूस गुदमरतो. म्हणून आत उतरताना पंखा आणि तोंडाशी दुसरा माणूस हवाच. धुराचे वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातला. धूर ओढणारा पंखा त्यांच्या वर्कशॉपात होता, चालूही होता. मी मुद्दाम जाऊन पाहिला. तुमचा मुलगा या कामात असेल तर तुम्हीही पाहून या.

त्याने माझ्याकडून गॅसचे पैसे तेवढे घेतले.

टाकी घरी आली. दुसऱ्या सकाळी दूध केंद्रावर घेतले गेले, तिसऱ्या सकाळीही. मी सूनबाईला पडवीत हाक मारली. पुन्हा शेजारीपाजारी होते, हे पाहूनच मारली. म्हणालो, "पोरी, चूक तुझी नव्हती. मी पैसे वाचवले आणि बोल तुला लावला." ती टाकीपाशी गेली, वाकली, बुडाच्या कडेने बोट फिरवत एक पुरता वेढा घातला.

"भाऊजींनी तारेच्या घासणीला नको म्हटलंय," ती म्हणाली, "लोखंडाचे कण राहतात म्हणून. फडकं आणा एक मऊ."

मी माझ्या जुन्या धोतराचे फाडून दिले.