हुसेनसागरातली सफर

मुलगा आणि सूनबाई ग्रीसच्या बेटांवर शिडाच्या होडीतून फिरले. त्यांचे फोटो पाहून हे म्हणाले, "नावू होगोण." मग काय, रविवारी डबा घेऊन आम्ही लुंबिनी पार्कला! आम्हा हैदराबादकरांचा समुद्र हुसेनसागरच. इब्राहिम कुतुबशहाच्या काळातला, सोळाव्या शतकातला.

माहेर माझं सोलापूरचं, सासर विजापूरचं. लग्नानंतर हे माझ्यासाठी मराठी शिकले, चाळीस वर्षं मराठीतच बोलले. माझं कन्नड भाजीबाजारापुरतं. दोन वर्षांपासून यांना विसरायला होतं; त्यात मराठी आधी गेली. आता शिकायची पाळी माझी.

जेवलो की नाही, तेही मला विचारतात. पण बोट बुद्धाजवळ आली तशी सगळी हकिगत सांगू लागले, कन्नडमध्येच. १९९० साली नेताना ती अखंड दगडाची मूर्ती तराफ्यावरून तळ्यात बुडाली, माणसं गेली. १९९२ च्या डिसेंबरात वर काढून उभी केली. एक साल चुकलं नाही!

लांबवर दोन-तीन पांढरी शिडं दिसत होती. "ग्रीस?" मी विचारलं.

"हौदु," म्हणून हसले.

उतरताना बोट हलली. "कै हिडी," म्हणाले. मी हात धरला. डबा मात्र बोटीतच राहिला, आणि तो विसरले मी.