मातृभाषेचा रकाना

शनिवारची सुट्टी ही मोठ्या माणसांची कल्पना आहे. तीन वर्षांच्या पोरीला ती मान्य नसते. फोंड्यातल्या आमच्या बिल्डिंगखाली सकाळी सातच्या सुमारास पोदेर सायकलवरून हॉर्न वाजवत येतो आणि त्याच क्षणी आमची लेक टुणकन उठून बसते. "बाबा, पोदेर आयलो!" मग मी डोळे चोळत पिशवी घेऊन खाली. चार उंडे, दोन पोई आणि तिच्यासाठी एक काकण. काकण म्हणजे बांगडीच्या आकाराचा कडक पाव. तो तिने आधी मनगटात घालायचा, घरभर मिरवायचा आणि मग चघळायला घ्यायचा. चहा होईपर्यंत काकण अर्धं पोटात आणि अर्धं सोफ्यावर.

सोमवार ते शुक्रवार ती दिवसाचे आठ-नऊ तास आमच्याकडे नसतेच. सकाळी प्लेस्कूल, नंतर शेजारच्या काकूंकडे. आम्ही दोघंही पणजीला नोकरी करतो. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत तिचे डोळे मिटायला लागलेले असतात. त्यामुळे तिच्याशी खरं बोलणं होतं ते शनिवार-रविवारीच.

तर अशाच एका शुक्रवारी शाळेचा प्रवेश-अर्ज घरी आला. सोमवारी भरून द्यायचा होता. नाव, जन्मतारीख, रक्तगट, लसी... सगळं दहा मिनिटांत झालं. अडलं ते एका रकान्यापाशी. मातृभाषा. (अर्ज अर्थातच इंग्रजीत होता.)

तुम्ही म्हणाल, यात अडण्यासारखं काय आहे? गोव्याबाहेरचे म्हणतील हो. गोव्यातल्याला हा रकाना किती खोल आहे ते माहीत असतं.

आमच्या घरची परिस्थिती अशी. मी माशेलचा. घरात जन्मापासून कोकणी. पण वाचायला शिकलो ते मराठी, पत्र लिहिलं ते मराठीत, आणि देवापुढे तोंडातून येतं तेही मराठीच. बायको बेळगावची. तिच्या घरात बोलायला, भांडायला, लिहायला सगळीकडे मराठी. तीही "काय की", "येतंय की" अशी खास बेळगावी. दोन्ही घरांत वर्तमानपत्र मात्र एकच यायचं, बेळगावचं 'तरुण भारत'. सोयरीक जुळवताना याचा उपयोग झाला होता! म्हणजे आईची भाषा हा अर्थ धरला तर लेकीची मातृभाषा मराठी. पण ती पहिला शब्द बोलली तो "उदक". तो ऐकायला मी होतो, म्हणून मला तो कोकणी वाटतो. बायकोचं म्हणणं, तिने त्याआधी "पाणी" म्हटलं होतं. हा वाद मिटलेला नाही.

लेकीला स्वतःला काही अडचण नाही. ती माझ्याकडे "उदक" मागते आणि आईकडे "पाणी". एकदा आम्ही दोघं शेजारी बसलो होतो, तर तिने दोघांकडे दोन वेगळी भांडी मागितली. तिच्या हिशेबात भाषा म्हणजे माणूस. कोणाकडे कोणतं नाणं चालतं ते तिला पक्कं ठाऊक आहे.

त्या शनिवारी आम्ही चोडणला गेलो. रायबंदरच्या धक्क्यावरून बोटीत बसायचं, मांडवी ओलांडायची आणि पलीकडे उतरायचं, एवढंच. मुलांना यापेक्षा जास्त काही लागत नाही. २०२५च्या जुलैपासून या मार्गावर मोठ्या रो-रो बोटी आल्या आहेत. पण आमच्या बाईंचा जीव जुन्या फेरीबोटीवर. तिची ती पुढची फळी खाली पडताना होणारा खडखडाट ऐकायला ती कानांवर हात ठेवून उभी असते. ऐकायचाही असतो आणि भीतीही वाटते, म्हणून बोटं अर्धवट उघडी.

पलीकडे सलीम अली पक्षी अभयारण्याच्या वाटेवर खारफुटी आहे. ओहोटी लागली की चिखलात छोटे खेकडे दिसतात. ती एकदम ओरडली, "बाबा, कुर्ली!" बायकोने सवयीने सांगितलं, "हो, खेकडा आहे तो." लेकीने मान हलवली. "ना. ही कुर्ली. खेकडा पुस्तकांत."

आम्ही दोघंही हसलो. पण नंतर बोटीत बसल्यावर मला ते पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. तिच्याकडे एक मराठी चित्रांचं पुस्तक आहे. त्यात लाल रंगाचा, टोपी घातलेला खेकडा समुद्रकिनारी राहतो. रविवारी दुपारी मी ते वाचून दाखवतो. आणि कुर्ली चिखलात राहते, किंवा आजीच्या हातच्या कालवणात. ती तिच्या परीने बरोबरच बोलत होती. तिच्यासाठी हे दोन वेगळे प्राणी आहेत.

आणि खरं सांगू? आमच्या पिढीलाही ते तसेच वाटायचे. कावळो अंगणात यायचा, कावळा गोष्टीत. गोव्यातल्या हिंदू घरांत कितीतरी पिढ्या हे असंच चालत आलंय. जेवण कोकणीत, आरती मराठीत. बाजार कोकणीत, पोथी मराठीत. आमच्या शेजारच्या बोरी गावचे बाकीबाब बोरकर दोन्ही भाषांत कविता लिहून गेले. त्यांना कोणत्या भाषेचे म्हणायचं यावर इथे तासन्तास वाद घालणारी माणसं आहेत. ती वाद मात्र कोकणीत घालतात.

या घालमेलीची एक गंमत बेळगावात झाली होती. पोर तेव्हा दोन वर्षांची. सासरी पुण्याहून एक मावशी आल्या होत्या. त्यांनी कौतुकाने चमच्यात कुंदा घेतला आणि हिच्यापुढे धरला. हिने ठणकावून सांगितलं, "जाय!" मावशींचा चेहरा पडला. "अगं बाई, मला हाकलतेस होय गं?" त्यांनी चमचा मागे घेतला तशी ही आणखी जोरात, "जाय! जाय!" शेवटी रडू फुटलं तेव्हा सासूबाई आतून धावत आल्या. "अहो, तिला हवाय तो! गोव्याची पोर ती, त्यांच्यात 'जाय' म्हणजे पाहिजे." मावशींनी त्यानंतर तिला इतका कुंदा भरवला की रात्री आम्हाला जागावं लागलं.

असो. रकान्याकडे येतो.

हा शब्द गोव्यात साधा राहिलेला नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. प्रश्न महाराष्ट्रात विलीनीकरणाचा होता, पण घराघरांत तो भाषेचा म्हणूनच लढला गेला. १९८७ साली राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा मिळाली. त्या आंदोलनाच्या दिवसांत सख्ख्या भावांनी एकमेकांशी अबोला धरल्याचं मी आमच्याच वाड्यावर ऐकलंय. १९९२मध्ये कोकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. २०११च्या जनगणनेत गोव्यात साधारण ६६ टक्के लोकांनी कोकणी मातृभाषा सांगितली आणि ११ टक्क्यांच्या आसपास मराठी. या ६६ टक्क्यांतल्या कितीजणांच्या घरी सकाळी मराठी पेपर येतो, असा रकाना जनगणनेत नसतो.

आणि हे सगळं चालू असताना पोरीला रंग कोणी शिकवले? ना मी, ना तिच्या आईने. माझा शब्द तांबडो, तिच्या आईचा तांबडा. दोन भाषांत जवळजवळ एकच शब्द, दोन्ही आज्यांच्या तोंडी तोच. लेक म्हणते, "रेड." पिवळ्याला "यलो". एक ते दहा आकडे इंग्रजीत. सफरचंद तर तिने अजून पाहिलेलंच नाही, ती खाते ते अ‍ॅपल. प्लेस्कूलच्या बाईंनी एकदा अगदी आपुलकीने सुचवलं, की घरीसुद्धा थोडं इंग्लिश बोला, म्हणजे मुलीला पुढे जड जाणार नाही. बाई स्वभावाने फार चांगल्या आहेत. पोर त्यांना चिकटून असते. पण मला त्या दिवशी वाटलं, आम्ही पन्नास-साठ वर्षं अंगणात कुंपण कुठे घालायचं यावर भांडत बसलो आणि मागच्या दाराने कोणीतरी येऊन स्वयंपाकघरातली भांडी बदलून गेलं. १९९०मध्ये सरकारी अनुदान मराठी-कोकणी प्राथमिक शाळांनाच द्यायचं ठरलं, २०११मध्ये ते इंग्रजी शाळांसाठीही खुलं झालं, तेव्हा पुन्हा मोर्चे निघाले. मोर्चात चालणाऱ्या कित्येकांची नातवंडं आज माझ्या लेकीच्याच प्लेस्कूलमध्ये आहेत. माझी लेकही तिथेच आहे, तेव्हा मी कोणाला काय बोलणार?

रविवारी माशेलला गेलो. अर्ज बॅगेत होताच.

माशेल म्हटलं की लेकीच्या डोक्यात एकच गोष्ट, चिखल! २०२५ साली आषाढी एकादशी रविवारी आली होती, म्हणून सोमवारची रजा टाकून आम्ही चिखलकाल्याला राहिलो. देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात अंगाला तेल चोपडून म्हातारे-कोतारे, पोरंसोरं सगळे चिखलात लोळतात, लहान मुलांचे खेळ खेळतात. बापांचे चेहरे ओळखू येत नाहीत. हिला मी कडेला जरा टेकवली तर ही सरळ त्यात बसली. देवळातलं भजन मराठीत चाललेलं, बाहेरचा आरडाओरडा कोकणीत आणि मध्ये ही, डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाची. आंघोळ घालायला आईला दोन बादल्या पाणी गरम करावं लागलं.

हा देवही मूळचा इथला नव्हे, चोडणचा. पोर्तुगिजांच्या काळात तिथून आधी मयेला गेला आणि मग माशेलला आला. आदल्या दिवशी ज्या बेटावर आम्ही कुर्ल्या बघत होतो तिथला. लेकीला हे सांगितलं तर तिने विचारलं, "देव फेरीबोटीन आयलो?" म्हटलं, होडीने आला असावा.

जेवणं झाल्यावर मी आईपुढे अर्ज काढला. आई चौथीपर्यंत शिकली. मुक्तीनंतर बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, त्यांतल्याच एकीत. तिच्या आईला सहीसुद्धा येत नव्हती. शिवलीलामृत ती आजही न अडखळता वाचते. आयुष्यात माझ्याशी एक अख्खं वाक्य मराठीत बोललेली नाही. तिने चष्मा लावला, अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "मराठी बरय. आमी बरयतात तें मराठीच न्हय?"

मी बायकोकडे बघितलं. बेळगावात ही वाढली. तिथे मातृभाषा मराठी असं लिहिणं म्हणजे काय असतं, हे गोव्यातल्या आम्हाला कळायचं नाही. दुकानाच्या पाटीपासून सातबाऱ्यापर्यंत त्यांना त्यासाठी झगडावं लागलंय. तिचे आजोबा सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. मला वाटलं, ती लगेच आईच्या बाजूने उभी राहणार.

ती म्हणाली, "कोकणी लिही की."

"तू सांगतेस हे?"

"मराठी कुठं जातंय? मी आहे की घरात. पुस्तकं आहेत, आई आहेत. कोकणी तिच्याशी फक्त तू आणि हे घर बोलतंय. उद्या तू पण शाळेचं ऐकून इंग्लिश सुरू केलास तर संपलंच."

आई काही बोलली नाही. तिला हे पटलं नाही, हे मला दिसत होतं. आपल्या लिहिण्याची भाषा सुनेने सोडून द्यावी, तीही ज्या सुनेची ती बोलायची भाषा, तिने! पण तिने चष्मा काढून घरात ठेवला आणि नातीला घेऊन माडाखाली गेली. तिथून दोघींचं काहीतरी चाललेलं ऐकू येत होतं. कोणत्या भाषेत ते इतक्या लांबून कळलं नाही.

सोमवारी मी दोन्ही भाषा लिहून नेल्या. खिडकीवरच्या मुलीने कोकणीतच सांगितलं, कॉम्प्युटर एकच घेतो. मागे रांग होती. कोकणी ठेवली. 'घरात बोलल्या जाणाऱ्या इतर भाषा' म्हणून आणखी एक ओळ होती, तिथे मराठी लिहिलं. त्या ओळीत आणखी जागा होती, ती तशीच सोडली.

संध्याकाळी आईचा फोन आला. काय लिहिलंस, म्हणून विचारलं. सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "खेकड्याचें पुस्तक हांगाच उरलां. पुढल्या आयतारामेरेन हांव वाचून दवरतां."