मुक्काम आणि विसावा

प्रवासाला निघालेला माणूस प्रवासात क्वचितच असतो. पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत पाहा. लोणावळा यायच्या आत दादरला कोणत्या बाजूला उतरायचे याची चर्चा सुरू होते, आणि कल्याण मागे पडले की माणसे बॅगा काढून दाराशी उभी राहतात. घाटातला धबधबा कुणी दाखवलाच, तर त्याचा फोटो काढून ठेवतात. पाहायचा तो घरी गेल्यावर! आम्हां शिक्षकांची तऱ्हा काही निराळी नाही. पहिल्या तासाला आम्हांला दुसऱ्या तासाची घंटा ऐकू येत असते, आणि जूनमध्ये कॉलेज उघडते न उघडते तोच दिवाळीच्या सुटीचे बेत मनात शिजू लागतात.

पायी वारीचे मला कुतूहल होते ते यामुळेच. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे १९६४ साली प्रसिद्ध झालेले ‘पालखी’ हे पुस्तक मी वर्गात पुष्कळदा शिकवले आहे. पण वाट शिकवणे वेगळे आणि चालणे वेगळे. २०२३ च्या जून महिन्यात मी रजा काढली आणि ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीबरोबर एका दिंडीतून निघालो. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर. मोटार ते पाच-सहा तासांत कापते. त्या वर्षी पालखीला १८ दिवस लागले.

निघताना मनावर दडपण होते ते या २५० च्या आकड्याचे. पण दिंडीत हा आकडा कुणी उच्चारतच नाही. तेथे दोनच शब्द ऐकू येतात : मुक्काम आणि विसावा. शब्द अर्थात मला ठाऊक होते. पण त्यांच्यातला फरक पायांना कळला तो वाटेवर. मुक्काम म्हणजे रात्रीचा. तेथे तंबू, चूल, कीर्तन, झोप. विसावा म्हणजे मधला. कुठे एखादा ओटा, कुठे झाडाची सावली, जेमतेम टेकायला मिळणारी. पालखी तेथे थांबते आणि पुन्हा उठते. सारी वाट अशी घासाघासाने वाढलेली असते. शेजारच्या माणसाला ‘पंढरपूर किती राहिले?’ असे विचारले तर तो हसतो. ‘विसावा कुठे?’ असे विचारले की लगेच हात करून दाखवतो.

पुण्याहून सासवडची मजल सर्वांत लांब, ३० किलोमीटरच्या आसपास. त्यात दिवे घाटाची चढण. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. एरवी या दिवसांत हिरवे दिसू लागणारे डोंगर करडे पडले होते आणि डांबर तापले होते. रथाला बैलांच्या जादा जोड्या जुंपल्या होत्या. त्या चढणीवर मला दिसत होत्या त्या फक्त पुढच्या माणसाच्या टाचा. त्यांवरच्या भेगा मला अजून पाठ आहेत. टाळाच्या ठेक्यावर टाच उचले, ठेक्यावर पडे, आणि माझे पाऊल तिच्या मागोमाग. घाटमाथ्यावर वारा लागला तेव्हा ओला सदरा पाठीला गार झाला. ते सुख एवढेसेच. पण ते घेताना माझे सगळे मन तेथे हजर होते.

हे कसे घडते याचा मी पुढे चालता चालता विचार केला. वारीत साधकबाधक ठरवायला काही उरतच नाही. पहाटे काकडा, मग दिवसाच्या प्रहराप्रमाणे ठरलेले अभंग, हरिपाठ. निघायची वेळ कर्णा सांगतो. संध्याकाळी तळावर समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. हजारो टाळ-मृदंगांचा गजर चाललेला असतो. चोपदार हातातला चोप उंच धरतो आणि क्षणात सारा तळ शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग तिचे गाऱ्हाणे ऐकले जाते. दिवसभरात सापडलेल्या वस्तूही तेथेच पुकारल्या जातात. पुढचे काय, याची फिकीर करायला कुणीतरी नेमलेले आहे. म्हणून उरलेल्यांना आजचे ऊन, आजची भाकरी, आजचा अभंग यांच्याकडे पाहायला सवड मिळते.

पण ही निश्चिंती म्हणजे बेफिकिरी नव्हे. आमच्या दिंडीत बीड जिल्ह्यातली एक बाई होती. साठी ओलांडलेली, डोक्यावर तुळशीवृंदावन. लोणंदच्या मुक्कामी तिने मुलाला फोन लावला. गावाकडे पाऊस नव्हता.

‘‘मावशी, पेरणी खोळंबली असेल ना?’’ मी विचारले.

‘‘खोळंबली की, मास्तर. सरकीच्या बॅगा आणून ठिवल्यात. त्या बी उधारीवर.’’

‘‘मग काळजी वाटत नाही?’’

‘‘वाटती ना. ती कुठं जाती?’’ पायाला तेल चोळीत ती म्हणाली, ‘‘पर वाटंवर तिला काम न्हाई. गावात गेल्यावर हाये तिचं काम. तवा करील.’’

त्या रात्री ती बराच वेळ तंबूबाहेर नुसती बसून होती. सकाळी कर्णा झाला तेव्हा तिची पिशवी बांधून तयार होती. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण झाले. दुतर्फा उभ्या असलेल्या वारकऱ्यांमधून माउलींचा अश्व दौडत गेला आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसे धावली. त्यांत ती पुढे होती. नंतर तिने फुगडी घातली, माझ्या वयाच्या बाईला दमवले, आणि पदराने तोंड पुसत हसली. ते हसणे उसने नव्हते. काळजी तिच्या गाठोड्यात होतीच. ती फक्त डोक्यावर चढली नव्हती. आपण शहरातली माणसे काळजी टाकून देण्याच्या खटपटीत असतो. तिने तिला एक जागा आणि एक वेळ नेमून दिली होती.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी करोनामुळे नेहमीची पायी वारी झाली नाही. पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला नेल्या. त्या वेळेवर पोचल्या. एकादशी चुकली नाही. तरी आमच्या दिंडीतले लोक त्या वर्षांविषयी बोलताना ‘वारी चुकली’ असेच म्हणत. पोचणे हेच सर्वस्व असते, तर बस उत्तमच होती! वारी या शब्दाचा अर्थच मुळी फेरी. यात्रेकरू कोठेतरी जातो. वारकरी जा-ये करतो.

याची प्रचीती पंढरपुरात आली. गाभाऱ्यापर्यंतची रांग पाहून आमच्यातल्या बहुतेकांनी चंद्रभागेत स्नान केले, नामदेवपायरीवर डोके ठेवले, कळसाला हात जोडले आणि नगरप्रदक्षिणेला लागले. एवढे चालून आल्यावर मूर्ती दिसली नाही म्हणून कुणी हळहळले नाही. माझ्या मनाला मात्र ती रांग सोडवेना, हे खरे. अठरा दिवसांत माणूस किती बदलणार?

द्वादशीला मी त्या मावशींना एसटीच्या तळावर पोचवायला गेलो. तुळशीवृंदावन फडक्यात नीट गुंडाळलेले होते. वाटेत त्यांनी मुलांसाठी चुरमुरे आणि सुनेसाठी बुक्का-कुंकू घेतले, भावाची घासाघीस केली. गाडी लागली. पायरीवर पाय ठेवताना त्या थांबल्या आणि त्यांनी कंडक्टरला विचारले,

‘‘दादा, बीडाकडं पाऊस हाये का वो?’’