कुठं बसल्यावर, किती वाजता?

"नेट स्लो आहे," असा फोन आला की मी दोनच गोष्टी विचारतो. घरात कुठं बसल्यावर? आणि साधारण किती वाजता? पुष्कळांना याचा राग येतो. महिन्याचे पैसे पूर्ण घेतात आणि वर उलटतपासणी करतात, असं त्यांना वाटतं. "अहो, कुठं काय विचारता, सगळीकडंच! आणि कधी म्हणजे काय, कायमच!" पण सगळीकडं आणि कायम बिघडलेलं नेट मला क्वचित भेटतं. तसं असलं तर ते बहुधा सरळ बंदच पडलेलं असतं. ओएनयूवर, म्हणजे फायबर घरात जिथं येऊन संपते त्या डबीवर, लाल दिवा लागलेला असतो आणि आमचं काम सोपं होतं: तुटलेली जागा शोधायची, स्प्लाइस मारायचा, निघायचं. तुटण्याचे पुण्यात हंगामही ठरलेले आहेत. संक्रांतीला मांजा, पावसाळ्याआधी फांद्या छाटणारी माणसं, गणपतीत मोठ्या मूर्तीला वाट करून देण्यासाठी बांबूनं वायरी उचलणारे कार्यकर्ते.

अवघड असतं ते अर्धवट चालणारं नेट. ते एकतर जागेला बांधलेलं असतं नाहीतर वेळेला. हॉलमध्ये पळतं आणि आतल्या खोलीत रांगतं, हे जागेचं दुखणं. सकाळी सुरळीत आणि रात्री नऊला अडखळतं, हे वेळेचं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि लोक नेमके उलटे करतात. जागेच्या दुखण्यावर मोठा प्लॅन घेतात, वेळेच्या दुखण्यावर नवा राउटर आणतात. मग दोन्ही पैसे पाण्यात गेल्यावर फोन करतात.

मी पेठांमध्ये आणि कोथरूड-कर्वेनगरच्या बाजूला फिरतो, त्यामुळं एकाच दिवशी जुना वाडा आणि नवी सोसायटी दोन्ही बघायला मिळतात. वाड्याची बाहेरची भिंत हातभर जाड, पण आत खोल्या पाडल्यात त्या लाकडी पार्टिशननं. जाड भिंतीत रेंज मरते, पार्टिशनमधून बिनबोभाट जाते. राउटर कुठं ठेवायचा हे तिथं डोळ्यांनीच कळतं. फसवतात ते नवे फ्लॅट. भिंती पातळ म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण कॉलम-बीम सळ्यांनी भरलेले, वीटकाम आणि आरसीसीच्या सांध्यावर प्लास्टर तडकू नये म्हणून मारलेली तारेची जाळी, आणि बेडरूममध्ये भिंतभर वॉर्डरोब, त्याला पूर्ण उंचीचा आरसा. आरशाच्या पाठीला धातूचा थर असतो. राउटर आणि पलंग यांच्यामध्ये असा आरसा किंवा लोखंडी कपाट आलं की पलंगावर बसून तक्रार करायला कारण मिळतं. माशांची मोठी टाकी असेल तर तीही यादीत धरा, पाणी या लहरी छान पिऊन टाकतं.

हे सगळं सांगून पटत नाही, म्हणून मी फोनमधलं रेंज मोजणारं ॲप उघडून ग्राहकालाच घरभर चालायला लावतो. राउटरजवळ उणे ४५ दिसतं. उणे ६७ पर्यंत मीटिंग सुखानं होते. उणे ८० च्या खाली नुसतं नाव दिसतं, काम होत नाही. या मापात ३ डीबी घटले की ताकद निम्मी होते, १० घटले की दहावा हिस्सा उरतो. म्हणजे हॉलमध्ये उणे ४५ आणि आतल्या खोलीत उणे ७५ असेल तर हजारातला एक भाग तिथं पोचला. हजार हा आकडा ऐकला की माणूस थांबतो. ३०० चा प्लॅन घेतला तरी त्या खोलीत पोचणार हजारातला एकच, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

"पण दांड्या तर पूर्ण दिसतात!" हा पुढचा प्रश्न हमखास येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. दांड्या सांगतात की फोनला राउटरचं किती ऐकू येतं. राउटरला फोनचं किती ऐकू येतं, ते त्या सांगत नाहीत. राउटर भिंतीतल्या विजेवर चालतो, त्याचा आवाज मोठा. फोन बॅटरी जपत हळू बोलतो. म्हणून कोपऱ्यातल्या खोलीत दांड्या भरलेल्या, व्हिडिओ उघडतोसुद्धा, आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायला गेलं की गोल फिरत राहतं. सहा अँटेनांचा, कोळ्यासारखा दिसणारा राउटर आणून पुष्कळ जण फसतात ते इथंच. त्या अँटेना राउटरचे कान थोडे सुधारतात, फोनचा आवाज वाढवत नाहीत. अँटेना कशा वळवायच्या हेही कुणाला ठाऊक नसतं. उभ्या अँटेनाभोवती लहरी मेदूवड्याच्या आकारात पसरतात. आडव्या दिशेला भरपूर, नेमकं डोक्यावर आणि पायाखाली भोक. ड्युप्लेक्समध्ये वरच्या मजल्यावर रेंज हवी असेल तर एखादी अँटेना आडवी करून बघावी. फुकटचा उपाय आहे.

जागेच्या दुखण्याचं खरं मूळ मात्र भिंतीत नसून इंटिरियरमध्ये असतं. फायबर डक्टमधून येते, दाराशी किंवा बाल्कनीशी घरात शिरते, आणि "वायर दिसायला नको" या एका वाक्यानं राउटर तिथल्या जवळच्या कपाटात जातो. चपलांच्या कपाटात, टीव्हीच्या मागे, इलेक्ट्रिकच्या फ्यूजच्या लोखंडी पेटीतसुद्धा मी राउटर पाहिले आहेत. उन्हाळ्यात तो आत भाजून निघतो आणि आपोआप रीस्टार्ट होतो; जागेचं दुखणं असं हळूच वेळेचंही होऊन बसतं.

वेळेचं दुखणं पकडायला मला लॅपटॉपवर दोन काळ्या खिडक्या पुरतात. एकीत पिंग लावायचं घरच्याच राउटरला, बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो. दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या जगाला. आणि बघत बसायचं. पहिली खिडकी २-३ मिलिसेकंदांवर शांत आणि दुसरी उड्या मारते आहे, तर घरातलं वायफाय निर्दोष आहे, भानगड बाहेर आहे आणि मला माझ्याच ऑफिसला फोन लावावा लागणार. पहिलीच उड्या मारत असेल तर बाहेरच्यांना शिव्या देण्यात अर्थ नाही. हे इतकं साधं आहे की कुणी करत नाही. लोक स्पीड टेस्ट करतात, पुन्हा करतात, स्क्रीनशॉट पाठवतात. स्पीड टेस्टचा आकडा हा वाईट साक्षीदार: अख्ख्या वाटेचं मिळून एकच उत्तर देतो, वाटेत कुठं ठेच लागली ते सांगत नाही.

एक आकडा मात्र मला आवडतो. वायर लावून टेस्ट केली आणि ९४ च्या आसपास येऊन थांबली, प्लॅन २०० चा असो की ३०० चा, तर मी हसतो. १०० एमबीपीएसचा पोर्ट प्रत्यक्षात एवढाच देतो. एकतर राउटर जुना, त्याचे पोर्टच तेवढे; नाहीतर लॅनच्या केबलमध्ये आठातली एखादी तार तुटली आहे आणि दोन्ही टोकांनी समजूतदारपणे चार तारांवर भागवायचं ठरवलं आहे. नवा जॅक क्रिंप केला की आकडा सुटतो. आणि "१०० चा प्लॅन, पण डाउनलोडला १२ च दाखवतंय" म्हणणाऱ्याला फक्त आठनं गुणायला सांगतो; प्लॅन बिटांत मोजतात, डाउनलोड बाइटांत.

रात्रीच्या नऊची गोष्ट जरा नाजूक आहे, कारण तिथं आमचाही हात असतो. बहुतेक घरांत येणारी फायबर जीपॉन पद्धतीची असते. ऑफिसमधून निघणाऱ्या एका फायबरमध्ये खाली उतरणारी क्षमता सुमारे २,४८८ एमबीपीएस, आणि स्प्लिटर लावून ती ३२ घरांत वाटली तर सगळ्यांनी एकदम मागितल्यावर वाट्याला येतात ७७-७८. तरी आम्ही २०० चे प्लॅन विकतो, आणि ते खपतात, कारण सगळे एकदम मागत नाहीत. क्रिकेटचा मोठा सामना असला की मागतात. एका फायबरवर ६४ घरं टाकणारे असतात, आणि पुढं शहराबाहेर जाणारी वाट अरुंद ठेवणारेही असतात. तिथं ग्राहकाच्या घरात मी काहीही केलं तरी नऊ वाजता तेच होणार. अशा वेळी नवा राउटर गळ्यात मारणं मला जमत नाही.

पण त्याच नऊ वाजता शेजारीही घरी आलेले असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून बिनपरवाना खुला आहे आणि तो अगदीच अरुंद आहे. चॅनेल दिसायला १३, पण एकमेकांत न घुसणारे तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीत उभं राहून ॲप उघडलं की पंचवीस-तीस नावं दिसतात, त्यात घरमालकिणीच्या नावापासून शेजाऱ्याला मारलेल्या टोमण्यापर्यंत सगळं. कुणीतरी हुशार माणूस मोकळा दिसतो म्हणून ३ किंवा ४ नंबरचा चॅनेल पकडतो आणि दोन्हीकडच्यांना त्रास देतो. वायफायची रीत अशी की आधी ऐकायचं, कुणी बोलत नसेल तर आपण बोलायचं. एकाच चॅनेलवरचा शेजारी निदान समजतो आणि थांबतो. अर्धवट घुसलेल्याचं बोलणं समजत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. घरातल्या घरातही तेच. आजोबांचा जुना फोन लांबच्या खोलीतून सावकाश बोलत असेल तर तेवढा वेळ बाकी सगळ्यांना गप्प बसावं लागतं. म्हणून जवळच्या उपकरणांना मी ५ गिगाहर्ट्झवर हलवतो. तो पट्टा आपल्याकडं २०१८ साली बराच मोकळा झाला आणि भिंतीत लवकर खर्च होतो, हाच त्याचा गुण: शेजाऱ्याचं वायफाय आपल्याकडं पोचत नाही.

नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. माणसांनी केलेला रेडिओचा गोंगाट कमी म्हणून ती तिथं उभारली. त्या बाजूला गेलो की मला आमच्या सोसायट्या आठवतात. गंमत म्हणजे वायफायचंही अशा दुर्बिणींच्या शास्त्राशी नातं आहे. लहरी भिंतीवर, फर्निचरवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी थोड्या मागंपुढं पोचतात आणि एकमेकींत कालवल्या जातात. त्यावर तोड काढणारा ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेचा चमू, त्यातले जॉन ओ'सलिव्हन रेडिओ खगोलशास्त्राकडून आलेले. १९९६ साली त्यांना अमेरिकेचं पेटंट मिळालं. खोलीत सोफा, कपाटं, माणसं खचाखच भरलेली असूनही नेट चालतं, त्यात त्या मंडळींचा वाटा मोठा.

बाकी वेळेची दुखणी घरातच सापडतात. दुपारी एकच्या सुमाराला मीटिंग अडखळते, तर स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू आहे का बघावं. तोही २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि थोडा गळतो. साध्या मायक्रोवेव्हचा मॅग्नेट्रॉन विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या निम्म्याच भागात चालतो, म्हणून नेट मरत नाही, तोतरं बोलतं. गुरुवारी, म्हणजे पुण्यात विजेच्या दुरुस्तीच्या दिवशी, तक्रार आली तर लाइट गेले होते का, हा पहिला प्रश्न. इन्व्हर्टर उचलेपर्यंतच्या क्षणभरात राउटर पडतो आणि उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. संध्याकाळी सगळे घरी आले की राउटर स्वतःहून रीस्टार्ट होतो, तर अडॅप्टर काढून त्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. १२ व्होल्ट २ अँपिअरच्या जागी कुणीतरी जुन्या सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा लावलेला असतो. पिन तीच, म्हणून बसतो. एकटा फोन असेपर्यंत भागतं, काम वाढलं की दम लागतो.

आणि फोटो. सहलीहून आलेलं कुटुंब घरात शिरलं की चार फोन मुकाट्यानं फोटो वर चढवायला लागतात. राउटर कुणालाच नाही म्हणत नाही, सगळी पाकिटं रांगेत घेऊन ठेवतो, आणि त्या लांबलचक रांगेच्या शेवटी तुमच्या मीटिंगमधला "हॅलो" उभा असतो. स्पीड टेस्ट ठीक आणि पिंग पाच-सहाशेवर, ही त्याची खूण. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी या रांगा छाटण्याची चांगली रीत मांडली आणि काही राउटरांत ती मिळते. नसेल तर फोटोंचा बॅकअप रात्री दोनला लावायचा.

एवढं सगळं झाल्यावर माझा सल्ला बहुतेकदा जुनाट निघतो: जे जागचं हलत नाही त्याला वायर द्या. टीव्ही, डेस्कटॉप, मुलाचा गेमचा डबा. तेवढे हवेतून उतरले की उरलेल्यांना जागा होते. आतल्या खोलीसाठी दुसरा राउटर लावायचा तर त्यालाही वायरनंच जोडा. वायरशिवायचा साधा रिपीटर तेच बोलणं दोनदा बोलतो आणि वेग निम्म्यावर आणतो. इथं पुन्हा इंटिरियर आडवं येतं. परवा एरंडवण्यात एका काकूंच्या घरी हॉलपासून आतपर्यंत स्कर्टिंगच्या कडेनं केबल न्यायची असं ठरत होतं. त्यांचा मुलगा मेशचा महाग संच घेऊ म्हणत होता, काकू माझ्या दोन खिडक्यांकडं बघत होत्या.

"दादा, ती पांढरी मिळते का?" त्यांनी विचारलं.

"पांढरी, राखाडी, दोन्ही गाडीत आहेत."

"मग पांढरीच लावा. आणि क्लिपा जवळजवळ मारा, लोंबायला नको."