घर पाहावं… कर्ज काढून!

‘घर पाहावं बांधून अन् लग्न पाहावं करून’ ही म्हण मला कॉन्व्हेंटमध्ये कुणी शिकवली नाही, ती आज्जीकडून मिळाली. यंदा आमच्याकडे तिच्या पहिल्या अर्ध्या भागाचं प्रॅक्टिकल चालू आहे. (दुसऱ्याला अवकाश आहे, मैत्रिणींनी नोंद घ्यावी!)

वेल्ह्याजवळच्या गावात आमचं आजोबांच्या वेळचं मातीचं घर आहे. तिकडचा पाऊस कसा असतो, हे राजगड-तोरणा करणाऱ्या ट्रेकर मंडळींना सांगायला नको. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत बसली. पप्पा भोरला नोकरीला, वय ५०. गवंड्याचा अंदाज, दहा लाख.

गावातल्या एकांनी लगेच पैसे देऊ केले, ‘शेकडा दोन’ने. ऐकायला किती स्वस्त! पण मित्रहो, शेकड्याचा दर महिन्याचा असतो. म्हणजे वर्षाला २४ टक्के. दहा लाखांवर दरमहा २०,००० नुसतं व्याज, आणि मुद्दल जागच्या जागी!

बँकेचा दर ९ टक्के धरून मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. २० वर्षांसाठी हप्ता सुमारे ९,०००, एकूण फेड साडेएकवीस लाखांवर. पण पप्पांच्या साठीपर्यंत १० वर्षंच मिळतात. मग हप्ता १२,६७०च्या आसपास, एकूण फेड सुमारे १५ लाख २० हजार. हप्ता जड, पण व्याज निम्म्याहून कमी.

गणित सुटलं, घोडं अडलं कागदावर. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा घरपट्टीसाठी, तो मालकीचा पुरावा नव्हे. त्यामुळे असं घर तारण घ्यायला बँका कचरतात. म्हणूनच २०२० मध्ये स्वामित्व योजना आली. ड्रोनने गावठाण मोजून मालमत्ता पत्रक द्यायचं. आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला याचा आधी प्रयोग झाला होता.

आमच्या पत्रकावर पप्पा, काका आणि आत्या अशी तीन नावं आहेत. तारणाला तिघांच्याही सह्या हव्यात. आत्या म्हणाली, “सही करते दादा, पण माहेरची एक खोली माझी राहू दे.” काकांचा प्रश्न वेगळा. “तुझे हप्ते थकले तर माझ्या हिश्श्याचं काय?” दोघंही चुकीचं बोलत नाहीत, म्हणून तर पप्पांना झोप नाही. आत्याची खोली नकाशात आली आहे. काका अजून विचार करतायत.

या धावपळीत कळलेल्या दोन गोष्टी सांगते. बदलत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक दंड लावू शकत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासूनचा नियम. आणि डिसेंबर २०२३ पासून, कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळालेच पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई!

उद्या प्लेसमेंट झाली की आपल्यापुढेही कुणीतरी फॉर्म सरकवेल, “जामीनदार म्हणून सही कर ना.” ती सही म्हणजे ऑटोग्राफ नव्हे. काकांसारखा एक प्रश्न आधी विचारा, मग पेन उघडा.